दिवा विझला, पण करंट?

‘बटण बंद आहे ना?’ एवढं विचारून आपण स्टुलावर चढतो, बल्ब काढतो, होल्डरवरची जळमटं ओल्या फडक्याने पुसतो. दिवा विझलाय म्हणजे धोका नाही, असा आपला साधा हिशोब. दिव्याच्या बटणाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा हा हिशोब किती कच्चा आहे ते कळलं. दिवा विझणं आणि होल्डर निर्धोक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेच्या आधी मोठ्या शहरांत गॅसचे दिवे होते. मुंबईत 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. ‘बेस्ट’चं वाडीबंदरचं वीजकेंद्र सुरू व्हायला 1905 साल उजाडलं. गॅसचं गणित सोपं होतं. एक नळी, एक तोटी. तोटी बंद केली की दिव्यापर्यंत काही पोचत नाही. आपण बटणाकडेही अजून तोटीसारखंच बघतो. पण विजेला दोन तारा लागतात, एक येण्याची आणि एक परतीची. यातली कुठलीही तोडली तरी दिवा विझतो. नेमकी कुठली तुटली, ते डोळ्यांना दिसत नाही.

सुरुवातीच्या लोकांना वेगळीच काळजी होती, ठिणगीची. तेव्हाची घरगुती वीज बहुतेक डीसी होती. डीसीचं बटण हळूहळू उघडलं तर दोन पत्र्यांमध्ये ठिणगी तशीच जळत राहते आणि बटण वितळतं, आगही लागू शकते. 1884 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी यावर उपाय काढला. बटणाचा संपर्क झटक्यात तुटेल अशी रचना त्यांनी केली. म्हणजे तुम्ही बटण कितीही सावकाश दाबा, आत तार पटकनच सुटणार. आजच्या बटणाचा ‘टक्’ आवाज त्याच कल्पनेचा वारस आहे.

ठिणगीचा प्रश्न सुटला, पण बटण कुठल्या तारेवर बसवायचं हा प्रश्न उरला. पुरवठ्याची एक तार जमिनीला जोडायची पद्धत रुळली आणि तो गंभीर झाला. जमिनीला जोडलेली ती न्यूट्रल, दुसरी फेज. आपल्याकडे फेज आणि जमीन यांच्यात साधारण 230 व्होल्टचा दाब असतो आणि आपण उभे असतो जमिनीवर. बटण फेजवर असेल तर ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत दाब पोचतच नाही. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो खरा, पण फेज होल्डरच्या पिनेपर्यंत येऊन थांबलेली असते. बल्ब लावलेला असेल तर त्याच्यातून दुसऱ्या पिनेपर्यंतही जाते. तिला फक्त परतीची वाट हवी असते. पिनेला बोट लागलं की ती वाट म्हणजे तुम्ही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेत सापडतं. जिन्याचा दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लावता यावा म्हणून तिथे ‘कार्टर’ नावाची जोडणी वापरात होती. तार कमी लागायची. तिच्यात दोन्ही बटणांपर्यंत फेज आणि न्यूट्रल दोन्ही नेलेल्या असत आणि दिवा दोन बटणांच्या मध्ये. दोन्ही बाजूंना न्यूट्रल आली की दिवा बंद. पण दोन्ही बाजूंना फेज आली तरी दिवा बंदच! बघणाऱ्याला दोन्ही अंधार सारखे. 1923 मध्ये तिथल्या वायरिंगच्या संहितेने ही पद्धत बंद केली.

भारतात 1956 च्या वीज नियमांतल्या 32 व्या नियमाने हेच सांगितलं: नुसत्या न्यूट्रलवर बटण किंवा फ्यूज बसवायचा नाही. दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच असेल तर चालेल. 2010 ची नवी नियमावली आली, तिच्यातही हे कलम टिकलं.

नियम कागदावर असतो, वायरिंग भिंतीत. माझ्या मावशीच्या जुन्या घरात एलईडी बल्ब लावले, तर रात्री बटण बंद असूनही एक बल्ब मिणमिणायचा. भाच्यांनी भुताच्या गोष्टी रचल्या. वायरमनने बोर्ड उघडला तर बटणात काळी तार. कधीतरी दुरुस्ती करताना कुणीतरी अदलाबदल केली होती. जुन्या पिवळ्या बल्बने हे कधीच सांगितलं नसतं, कारण तो पेटायला भरपूर करंट लागतो. एलईडीला तारांमधून झिरपणारा किंचितसा करंटही पुरतो. अर्थात दरवेळी कारण हेच असेल असं नाही. लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारा किंवा बटणातला छोटा लाल दिवा, यांमुळेही एलईडी मिणमिणतो. पण बल्ब बदलून विषय संपवू नका, परवानाधारक वायरमनला दाखवा. त्याला एवढंच सांगा: ‘बटण बंद करून होल्डरच्या दोन्ही पिना तपासा.’

आरसीसीबी बसवलेला असेल तर उत्तमच. गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की तो पुरवठा तोडतो. घरांसाठी 30 मिलिअँपियरचा वापरतात. पण तो शेवटचा राखणदार, उलट्या वायरिंगवरचा इलाज नव्हे.

भाड्याच्या खोलीत राहत असाल तर भिंतीतल्या तारा कुणी आणि कशा ओढल्या, हे तुम्हाला माहीत असण्याची शक्यता कमीच. म्हणून होल्डरला हात लावण्याआधी दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करा. पंखा थांबेल, वायफाय जाईल, घरातले ओरडतील. दोन मिनिटं ओरडू द्या.