विंचूदंश, नोंदी आणि उपचार (रायगड)
कोकणातील लाल विंचवाच्या विषबाधेवरील उपचार रुग्णनोंदींच्या आधारे बदलल्याचे उदाहरण. पनवेल-रोहा लोहमार्गावरील निडीपासून महाडपर्यंतचा रायगडचा पट्टा भातशेतीचा; पेंढा, लाकूडफाटा, दगडी गडगे यांत विंचू हमखास. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा दंश झालेली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय यांची टिपणे ठेवली. मृत्यू हृदयावरील ताणाने व फुप्फुसांत पाणी साचून होतो, हे त्यांतून उमगले. ही पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचित होतात. त्यावर रक्तदाबाची साधी, स्वस्त प्राझोसिन गोळी लागू पडली. मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास उतरले. गावदवाखान्यातून झालेले हे काम मोठ्या रुग्णालयांनाही सहज साधले नसते. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यावर १० तासांत ९१ टक्के रुग्ण बरे झाले, केवळ प्राझोसिनवर २३ टक्के. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

अमली पदार्थांच्या अतिमात्रेबाबत अमेरिकेत नोंदींवरून उपचार ठरवण्याची हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते: आपत्कालीन विभागांतील नोंदींवरून नॅलोक्सोन हे उतारा औषध कुठे पोचवायचे ते ठरते.