सुट्या कागदावरची गाणी

अमेरिकेचे राष्ट्रगीत पहिल्यांदा छापले गेले ते एका सुट्या कागदावर. सप्टेंबर १८१४ मध्ये ब्रिटिश आरमाराने बाल्टिमोर शहराच्या रक्षणासाठी असलेल्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर रात्रभर तोफा डागल्या. फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने तो मारा समुद्रावरून पाहिला आणि त्यावर कविता रचली. काही दिवसांतच ती बाल्टिमोरमध्ये पत्रक म्हणून छापली गेली. त्या पत्रकावर कवीचे नाव नव्हते, स्वरलिपीही नव्हती. ‘फोर्ट मॅकहेन्रीचे संरक्षण’ अशा अर्थाचे शीर्षक, घटनेची थोडक्यात हकिकत, कवितेचा मजकूर आणि ती कोणत्या चालीवर म्हणायची याची सूचना, एवढाच त्याचा ऐवज होता. चाल होती लंडनमधील हौशी गायकांच्या एका मंडळाच्या गीताची. पुढे १९३१ मध्ये याच गीताला राष्ट्रगीताचा अधिकृत दर्जा मिळाला.

अशा पत्रकांना इंग्रजीत ‘ब्रॉडसाइड’ म्हणतात. कागदाच्या एकाच बाजूला छापलेला, न दुमडलेला व न शिवलेला मजकूर अशी त्याची साधी व्याख्या आहे. सरकारी फर्माने, जाहिराती, सभांच्या सूचना, हरवलेल्या वस्तूंचे निवेदन असे काहीही त्यावर असे. त्यातील पद्याची शाखा मात्र स्वतंत्रपणे वाढली. अठराव्या शतकात ती प्रामुख्याने कथाकाव्ये, विलापिका आणि उपहासकविता यांची होती. एकोणिसाव्या शतकात तिचेच रूप लोकप्रिय गाण्यांच्या छोट्या ‘गीतपत्रकां’त पाहायला मिळते.

वसाहतींच्या काळातील आरंभ

अमेरिकेतील इंग्रजांच्या वसाहतींमध्ये छापखाना आला तो १६३८ च्या सुमारास, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे. तेथे छापलेला पहिला मजकूर म्हणजे नागरिकत्वाच्या शपथेचे एक पत्रक होते असे मानले जाते. त्याची एकही अस्सल प्रत आज उपलब्ध नाही. पुस्तक जपून ठेवले जाते, सुटा कागद मात्र वाचून टाकून दिला जातो, याचे हे पहिलेच उदाहरण म्हणावे लागेल.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा साहित्यातील श्रीगणेशाही या पत्रकांनीच झाला. बोस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असताना, बारा वर्षांच्या वयात, त्यांनी दोन कथाकाव्ये लिहिली. पहिले बोस्टनच्या दीपगृहाच्या रखवालदाराला आलेल्या जलसमाधीवर होते, तर दुसरे ‘ब्लॅकबिअर्ड’ या कुप्रसिद्ध चाच्याच्या शेवटावर. दोन्ही घटना १७१८ मधील. भावाने ती छापली आणि बेंजामिनलाच रस्त्यावर विकायला पाठवले. दीपगृहाचे काव्य झपाट्याने खपले. वडिलांनी मात्र कविता करणारे बहुधा भिकेलाच लागतात असे बजावून मुलाचा हा नाद मोडला. हा प्रसंग फ्रँकलिन यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केला आहे. त्या पत्रकांचीही खात्रीची प्रत मिळत नाही.

बातमी, विलाप आणि फाशी

नियतकालिके मोजकी आणि महाग असण्याच्या काळात पद्यमय पत्रक हे बातमीचेही साधन होते. जहाज बुडाले, आग लागली, लढाई जिंकली, कोणी मान्यवर निवर्तला की छापखान्यात खिळे जुळू लागत. वर एखादे लाकडी ठशाचे चित्र, खाली दोन-तीन स्तंभांत कडवी आणि शीर्षकाखाली ‘अमुक चालीवर’ अशी ओळ. चाल सर्वांना ठाऊक असल्याने स्वरलिपीची गरज नसे. ज्याला वाचता येत नसे तोही एकदा ऐकून गाणे घरी घेऊन जाई. ठसे महाग असल्याने तेच चित्र वारंवार वापरले जाई. विलापिकांच्या माथ्यावर शवपेट्यांची काळी चित्रे ओळीने छापण्याची पद्धत होती.

फाशीच्या दिवसांना या पत्रकांचा खप विशेष असे. २१ ऑक्टोबर १७७३ रोजी बोस्टनमध्ये लेव्ही एम्स या तरुणाला घरफोडीच्या गुन्ह्यासाठी फाशी देण्यात आले. त्या निमित्ताने त्याच्या तोंडी पश्चात्तापाचे उद्गार घालणारी आणि तरुणांना इशारा देणारी अनेक पद्यपत्रके निघाली. मरणाऱ्या माणसाचे ‘अखेरचे शब्द’ बहुतेक वेळा छापखान्यातच जुळवलेले असत, हे लक्षात ठेवूनच आज ती वाचावी लागतात.

याच माध्यमाने एका असामान्य कवयित्रीला वाचकांपुढे आणले. १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून बोस्टनला आणलेल्या फिलिस व्हीटली हिने १७७० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाच्या निधनावर विलापिका लिहिली. पत्रकाच्या रूपाने ती छापली गेली, इतर शहरांत तिच्या आवृत्त्या निघाल्या आणि लंडनपर्यंत तिचे नाव पोहोचले. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी व्यक्तीचा तो पहिला छापील कवितासंग्रह होय.

खिळे जुळवणारा मुलगा, जपणारा संग्राहक

ही पत्रके टिकली त्याचे मोठे श्रेय आयझाया थॉमस यांना जाते. १७४९ मध्ये जन्मलेल्या थॉमस यांना सातव्या वर्षीच बोस्टनमधील एका मुद्रकाकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. हा मुद्रक कथाकाव्येच प्रामुख्याने छापत असे, आणि या मुलाने पहिले खिळे जुळवले तेही एका गाण्याचेच. पुढे तो स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील नामवंत वृत्तपत्रकार, मुद्रक आणि प्रकाशक झाला. १८१२ मध्ये थॉमस यांनी वूस्टर येथे ‘अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी’ स्थापन केली.

त्यानंतर लवकरच थॉमस यांनी बोस्टनच्या एका गाणी छापून विकणाऱ्याकडून तीनशेहून अधिक पत्रके विकत घेतली, त्यांचे तीन खंड बांधून घेतले आणि १८१४ मध्ये ते संस्थेला दिले. सामान्य लोकांत सध्या काय खपते हे पुढच्यांना कळावे, असा हेतू त्यांनी नोंदवून ठेवला. यात १८१२ च्या युद्धातील नौदलाच्या विजयांची गाणी आहेत, जुनी इंग्रजी कथाकाव्ये आहेत, प्रेमगीते आणि फाजील विनोदही आहेत. सुशिक्षितांनी तुच्छ मानलेला हा माल दोन शतकांनंतर अभ्यासकांसाठी अमोल ठरला.

गीतपत्रकांचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहरे वाढली, छपाई स्वस्त झाली आणि गीतपत्रकांचा व्यापार भरभराटीला आला. साधारण सहा इंच रुंद व आठ इंच उंच कागद, भोवती नक्षीदार चौकट आणि आत केवळ शब्द. पियानोसाठी स्वरलिपीसह छापलेल्या महागड्या संगीतपुस्तिकांहून ही पत्रके वेगळी होती. पुस्तिका मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात जात, पत्रके रस्त्यावर, गुत्त्यांत आणि नाट्यगृहांच्या दारात विकली जात. न्यूयॉर्कच्या चॅटहॅम स्ट्रीटवरील एच. डी मार्सन आणि फिलाडेल्फियाचे जे. एच. जॉन्सन ही त्या व्यवसायातील ठळक नावे. अनेक पत्रकांवर सन नसतो. अशा वेळी प्रकाशकाचा पत्ता कोणत्या वर्षी कोठे होता यावरून काळ ठरवावा लागतो.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने या व्यापाराला उधाण आले. उत्तरेचे आणि दक्षिणेचे सैनिक एकाच चालीवर एकमेकांविरुद्ध गाणी रचत. न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅग्नस सैनिकांसाठी रंगीत चित्रांची पत्रके काढत. त्यांतील काहींच्या कोऱ्या जागेवर घरी पत्रही लिहिता येई. ज्युलिया वॉर्ड हाउ यांचे ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’ हे गीत १८६२ मध्ये मासिकात आले. पुढे कृष्णवर्णीयांच्या पलटणींसाठी भरती करणाऱ्या फिलाडेल्फियातील समितीने ते पत्रक म्हणून छापले.

या संग्रहांना एक काळी बाजूही आहे. गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत, त्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांची गाणी पत्रकांत मोठ्या संख्येने आढळतात. त्यांची भाषा आज वाचवत नाही. तरीही ग्रंथालये ती मूळ स्वरूपात जतन करतात. कारण गाळलेला पुरावा हा पुरावा राहत नाही.

गाणे पुरावा ठरते काय?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १८६० च्या दशकात डी मार्सन यांनी जॉन एफ. पूल यांचे ‘नो आयरिश नीड अप्लाय’ हे गीत छापले. नोकरीच्या जाहिरातीत आयरिश माणसांना मज्जाव पाहून चिडलेल्या स्थलांतरिताचे ते गाणे. २००२ मध्ये रिचर्ड जेन्सन या इतिहासकाराने असा दावा केला, की अशा जाहिराती अमेरिकेत जवळजवळ नव्हत्याच. आयरिश समाजाच्या मनातील ही आठवण बऱ्याच अंशी गाण्याने रुजवली. २०१५ मध्ये एका शाळकरी मुलीने संगणकावर उपलब्ध झालेली जुनी वृत्तपत्रे चाळून तशा अनेक जाहिराती शोधून काढल्या आणि तिचा लेख संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. गाण्यातील तक्रार निराधार नव्हती. गाणे एकट्याने पुरावा होत नाही, पण पुरावा कोठे शोधावा हे ते सांगते.

अस्त आणि पुनरुज्जीवन

१८८० च्या दशकानंतर स्वस्त वृत्तपत्रे, गाण्यांच्या छोट्या पुस्तिका आणि पुढे ध्वनिमुद्रिका यांनी गीतपत्रकांची जागा घेतली. नाव मात्र मागे उरले. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अॅग्नेस ‘सिस’ कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीसन यांनी निषेधगीतांसाठी ‘ब्रॉडसाइड’ हे नियतकालिक काढले. त्यात बॉब डिलन यांची सुरुवातीची गाणी छापली गेली. १९६५ मध्ये डेट्रॉइटचे ग्रंथपाल-कवी डडली रँडल यांनी आपली ‘बॅलड ऑफ बर्मिंगहॅम’ ही कविता सुट्या कागदावर प्रसिद्ध केली. अलाबामातील चर्चवर १९६३ मध्ये झालेल्या बाँबहल्ल्यात चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या होत्या. त्यावरची ही कविता. याच उपक्रमातून रँडल यांची ‘ब्रॉडसाइड प्रेस’ उभी राहिली आणि कृष्णवर्णीय कवींना हक्काचा प्रकाशक मिळाला.

आज वूस्टरच्या संस्थेत, ब्राउन विद्यापीठाच्या हॅरिस संग्रहात आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ही पत्रके जपली आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ४,२९१ गीतपत्रके संगणकावर खुली केली आहेत. ती पाहताना एक गोष्ट जाणवते. बहुतेकांवर कवीचे नाव नाही. ज्यांनी ती लिहिली, गायली, विकली आणि खिशात घडी घालून ठेवली, त्यांच्यापैकी अनेकांचा दुसरा कोणताही माग इतिहासात उरलेला नाही.