बीडची खजाना विहीर आणि अंबाजोगाईचे श्रमदान

बालाघाटच्या रांगांनी व्यापलेल्या बीड जिल्ह्यात अवर्षण हा अपवाद नसून इतिहासाचा नित्य घटक होय. त्यास कला व शास्त्र यांनी दिलेले उत्तर दोन भिन्न कालखंडांत तपासून पाहता येते.

बीड शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आहे. मूर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती हिजरी ९९१, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास बांधविली, व तिचा स्थपती राजा भास्कर होता, असे मानले जाते. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्यातून ते उत्तरेकडील बालगुजार क्षेत्रास जाते. त्यासाठी मोट लागत नाही. स्थापत्य ही कला की शास्त्र, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. जहागिरीचा सारा खजिना बांधकामावर खर्च झाला म्हणून विहिरीस हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. परंतु फारसी व मराठी या दोन्ही भाषांत या शब्दास पाण्याचा साठा असाही अर्थ आहे. तो अर्थ लोकांच्या विस्मरणात गेल्यावर ही कथा रचली गेली असावी, असा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

इ. स. २०१६ च्या दुष्काळात अभिनेते आमिर खान व किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ ही स्पर्धा आरंभिली. पहिल्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई हा एक होता. येथील काळा कातळ मुळात पाणी फार धरीत नाही. ते झिजलेल्या थरांत व भेगांतच साठते. हे भूशास्त्र, तसेच माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर व बांध घालण्याचे तंत्र, चित्रपट व प्रशिक्षण यांच्या द्वारे गावकऱ्यांपर्यंत पोहोचले. शासकीय पुस्तिकांस जे क्वचितच साधते, ते कलावंतांनी येथे साधले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि त्या स्पर्धेचा भर पाणी अडविण्यावर व जिरविण्यावर होता. जिरलेले पाणी शेताची सीमा जाणत नाही. ज्याची विंधनविहीर खोल, त्याच्या वाट्यास ते अधिक जाते. भूमिहीनाने चर खणला, तरी उपशावर त्याचा अधिकार निर्माण होत नाही. राजा भास्कराच्या रचनेत उपशाची मर्यादा बांधकामातच होती: तिसऱ्या भुयाराच्या मुखाखालील पाणी उताराने बाहेर जाऊच शकत नाही. जहागीरदाराच्या आज्ञेनेही ते गेले नसते. विंधनविहिरीस असे मुख नसते, आणि ऊस उभा असेतो पंप चालू राहतो.