शेशिया

शेशिया : ट्युनिशियातील पारंपरिक लोकरी टोपी. ही लाल रंगाची, मऊ, बिनशिवणीची व डोक्यालगत बसणारी असते. ताठ, उंच फेझ टोपीहून ती वेगळी. स्पेनमधून १६०९ नंतर हद्दपार झालेल्या मोरिस्को कारागिरांनी ट्युनिसमध्ये हा धंदा भरभराटीस आणला. टोपी करणाऱ्यांना शवाशी म्हणतात.

एक टोपी पूर्ण होईपर्यंत अनेक गावे व हात पालटते. परंपरेने ट्युनिसलगतच्या आरियाना येथील स्त्रिया पांढऱ्या लोकरीची सैल टोपी सुयांवर विणतात. तिला कब्बूस म्हणतात. तयार शेशियाहून ती कितीतरी मोठी असते. मेजेर्दा नदीकाठच्या अल्-बतान येथे ती गरम पाणी व साबणात मळतात. त्यामुळे ती आटते आणि लोकरीचे धागे एकमेकांत गुंतून नमद्यासारखा घट्ट पोत येतो. विणीचे टाके दिसेनासे होतात. नंतर एका काटेरी झुडपाच्या वाळलेल्या बोंडांनी घासून पृष्ठभागावर लव काढतात. लाल रंगासाठी पूर्वी किरमिज किड्यांचा रंग वापरीत. रंगाईसाठी झगवानच्या झऱ्यांचे पाणी नावाजलेले होते. शेवटी साच्यावर चढवून टोपीला आकार देतात.

लिबिया व नायजेरिया या तिच्या जुन्या बाहेरच्या बाजारपेठा. विसाव्या शतकात पाश्चात्त्य पेहराव रूढ झाल्यावर मागणी घटली व कारखाने थोडे उरले. सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला शेशियांचा बाजार ट्युनिसच्या जुन्या शहरात असून अखेरचे संस्कार तेथील दुकानांत पाहावयास मिळतात. हे जुने शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.