विश्रांतीची मात्रा

आजारी माणसाला आपण पहिला सल्ला देतो तो ‘पडून राहा’ असा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही तेच सांगत. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे पलंगावरून हलू देत नसत. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातील सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा ८१ रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसवले. त्यांचा अनुभव १९५२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना अपाय झाला नाही, उलट हुरूप आला.

१९५४ मध्ये त्याच रुग्णालयात जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण केले. अवयवरोपणाचे युग सुरू झाले. पण अवयवाची वाट पाहणाऱ्या रुग्णाचे बळ कसे टिकवायचे?

पडून राहण्याची किंमत १९६६ साली डलास येथे मोजली गेली. पाच निरोगी तरुण २० दिवस अंथरुणावर राहिले. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ती त्यांची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली!

मग यकृत निकामी झालेल्या रुग्णाचे काय? यकृतात ग्लायकोजेनचा साठा पुरेसा नसला, की रात्रीच्या उपवासातही शरीर स्नायू मोडून गरज भागवते. यकृताला न झेपणारा अमोनिया हटवण्याचा भारही स्नायूंवरच पडतो. ते झिजले की हा आधारही जातो. असे अशक्त रुग्ण रोपणाची पाळी येण्याआधीच दगावण्याचा धोका अधिक असतो.

त्यांना रोज रुग्णालयात येणे झेपत नाही, म्हणून व्यायाम घरीच हवा. अमेरिकेत अशा रुग्णांना व्यायामाच्या चित्रफिती दिल्या, तर नेमाने व्यायाम करणारे थोडेच निघाले. म्हणून पुढे मोबाइल अ‍ॅप आले. पिट्सबर्गच्या डॉक्टरांचे ‘एल-फिट’ हे त्यांपैकी एक. अ‍ॅप रुग्णाच्या बळानुसार व्यायामाची पायरी ठरवते आणि पावलांची नोंद ठेवते. मात्र ती नोंद पाहून विचारपूस करणारे माणूस लागतेच.

यकृतरुग्णांचे बळ मोजण्याच्या २०१७ मधील पद्धतीत तीन कसोट्या आहेत: हाताची पकड, उभे राहून तोल सांभाळणे आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणे. शेवटची कसोटी वर्गात घड्याळ लावून करून पाहा. १९५२ साली रुग्णाला खुर्चीत बसवणे हेच धाडस होते. आज त्याच खुर्चीतून त्याला उठायला सांगतात.