एकतीस हजारांचा अंदाज

रात्री १०:०० – दुकानांच्या जुन्या विक्रीनोंदी टेबलात चढवायला घेतल्या. आधी तिथे सुट्या गिऱ्हाइकांच्या चार कोटी ओळी होत्या, बहुतेकांची एकेकच. आता मोजक्या दुकानांच्या आणखी चार कोटी आल्या.

११:४० – लोड संपला आणि पोस्टग्रेसने आपणहून अ‍ॅनालाइझ चालवलं. ते सगळं टेबल मोजत नाही. ३०,००० ओळींचा नमुना उचलतं आणि वेगवेगळे ग्राहक किती असतील ते त्यावरून ठरवतं. नमुन्यातल्या निम्म्या ओळी त्याच त्या दुकानांच्या, उरलेली गिऱ्हाइकं एकेकदाच दिसलेली. अशा टेबलात त्याचं सूत्र फारच कमी सांगतं. अंदाज निघाला एकतीस हजार. खरे ग्राहक चार कोटींच्या घरात. आम्ही घरी जेवून झोपलो होतो.

१:०० – ग्राहकवार बेरजेचा रिपोर्ट सुरू झाला. आदल्या रात्रीपर्यंत ऑप्टिमायझर आधी ओळी ग्राहक क्रमांकाने सॉर्ट करायचा आणि क्रमांक बदलला की बेरीज पुरी करायचा. रॅम अपुरी पडली तर सॉर्ट डिस्कवर जातो. वेळ लागतो, पण निभतं. चार कोटी ग्राहकांचं हॅश टेबल वर्क-मेमच्या ६४ एमबीत मावणार नाही, हे त्याला तेव्हा दिसत होतं. एकतीस हजारांचं सहज मावतं. त्याने हॅश धरलं. हातातल्या आकड्यावर तो निर्णय बरोबरच होता, हे मी आजही म्हणेन. चूक निघाली तर मागे फिरायला वाट नव्हती, खरा घात तिथे झाला.

१:२० – आमची आवृत्ती १२. तिच्यात वर्क-मेमची मर्यादा प्लॅन निवडतानाच पाहिली जाते. हॅश भरू लागलं की त्याला कुणी अडवत नाही. जादा गट डिस्कवर उतरवायची सोय २०२० साली, आवृत्ती १३ मध्ये आली. १६ जीबी रॅम भरत चालली.

१:३४ – लिनक्सच्या ओओएम किलरने ती प्रोसेस सिग्नल ९ देऊन मारली. एक प्रोसेस अशी गेली की सामायिक मेमरी बिघडल्याचं धरून पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडतं. गोदामातून फोन आला, "साहेब, चलनं निघत नाहीत. गाड्या गेटवर उभ्यात."

१:५० – रिकव्हरी झाली. "आता बघा," म्हणालो. शेड्यूलरने पडलेला जॉब पुन्हा लावला. तोच प्लॅन.

२:२४ – पुन्हा सिग्नल ९.

२:४० – जॉब बंद केला, एक्स्प्लेन काढलं. खाली आठ कोटी ओळी, वर एकतीस हजार गट. त्या कॉलमचा एन-डिस्टिंक्ट हाताने उणे ०.५ केला, म्हणजे ओळींच्या निम्मे ग्राहक, आणि अ‍ॅनालाइझ चालवलं. प्लॅनमध्ये सॉर्ट परत दिसला.

३:१० – पहिली गाडी गेटबाहेर पडली.