ट्रकचा क्लच घसरतो तेव्हा

परभणी जिल्ह्यातील पेडगाव परिसरातून कापूस वा ऊस भरून निघालेला ट्रक चढावर वरच्या गिअरमध्ये नुसताच गुरगुरू लागला, इंजिनाचे फेरे वाढले, वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. जळका वास हे पुढचे लक्षण.

डिझेल पंप ‘वाढवून’ किंवा वेगळा टर्बो बसवून जोर वाढवलेल्या गाडीत निदान अवघड होते. क्लच किती टॉर्क पेलतो, हे प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचे घर्षण व प्लेटची त्रिज्या यांवर ठरते. इंजिन बदलले तरी या गोष्टी मूळच्याच राहतात. प्लेट नवी असूनही टर्बोचा जोर येताच फक्त वरच्या गिअरमध्ये क्लच घसरत असेल, तर दोष झिजेचा नसून क्षमतेचा मानावा. तीच प्लेट पुन्हा बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. (असे फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकतात, हे वेगळेच.)

रिकाम्या गाडीतही घसरत असेल, तर आधी पेडलचा प्ले तपासावा. तो नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र तुंबल्यासही तेच घडते. त्यानंतर बेल हाउसिंगखाली तेल ओघळले आहे काय, ते पाहावे. इंजिनाच्या मागील ऑइल सीलमधून गळणारे तेल चांगले अस्तरही निकामी करते.

खात्रीसाठी सपाट जागी चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. समोर कोणी नसावे. इंजिन बंद पडायला हवे. चालूच राहिले तर लगेच पेडल दाबावे, कारण या चाचणीनेही प्लेट तापते. मग गिअरबॉक्स उतरवणे आले.